पाचटाला काडी लावण्याआधी



ऊस तुटून कारखान्याला गेला, फडात पाचट उरलं. आता हात काडेपेटीकडे जातो. काडी ओढण्याआधी जरा ऐका.

चुलीतला कोळसा, शिसपेन्सिलीतलं ग्रॅफाइट आणि अंगठीतला हिरा ही सगळी कर्बाचीच रूपं. हवेत हाच कर्ब कर्बवायूत असतो. उसाचं पान उन्हाच्या जोरावर तो वायू ओढून घेतं. त्यातूनच साखर होते आणि पाचटही. वाळलेल्या पाचटात सुमारे ४० टक्के कर्ब असतो. टनभर पाचट पेटवलं, की जवळजवळ ४०० किलो कर्ब हवेत गेला. त्याच्याबरोबर बरंचसं नत्रही गेलं.

तुम्ही म्हणाल, राख उरते की! राखेत पालाश उरतं, पण जमिनीतले जिवाणू आणि गांडुळं जगतात ती कर्बावर. पाचट कुजून जो काळा ह्यूमस होतो, त्यानं जमीन भुसभुशीत राहते, ओल टिकते, खत वाहून जात नाही.

माती परीक्षणाच्या अहवालात सेंद्रिय कर्बाचा आकडा बघा. ०.५ टक्क्याच्या खाली असला तर जमीन उपाशी समजा. एकरातल्या वरच्या अर्ध्या फुटात सुमारे ९ लाख किलो माती असते. हा आकडा नुसता ०.१ नं वाढवायचा, तर ९०० किलो कर्ब मातीत टिकावा लागतो. घातलेल्यातला बराच भाग कुजताना पुन्हा हवेत जातो. म्हणून हे काम दरसालचं आहे.

खोडवा ठेवणार असाल तर असं करा :

१. बुडख्यांवरचं पाचट सरीत ओढा. बुडखे धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटा, म्हणजे फुटवा जोमदार येतो.

२. टनभर पाचटावर ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाका. पाचटात नत्र थोडं असतं. युरिया दिला नाही, तर जिवाणू जमिनीतलं नत्र खातात आणि पीक पिवळं पडतं.

३. लगेच पाणी द्या.

सगळ्या रानात धीर होत नसेल, तर यंदा चार सऱ्या तरी राखा. उन्हाळ्यात पाचटाखाली हात घालून ओल बघा, मग शेजारच्या उघड्या सरीत बघा. पुढच्या साली काडेपेटी घरीच राहील.