एकत्र टाकलेले पाऊल
(धुळे येथील कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा सारांश)



‘काँग्रेस’ म्हटले की डोळ्यांपुढे एक पक्ष उभा राहतो. मी आज पक्षाविषयी नव्हे, त्या इंग्रजी शब्दाविषयी बोलणार आहे. त्याचे मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘कॉन’ म्हणजे सह, ‘ग्रादी’ म्हणजे पाऊल टाकणे. चालत येऊन एकमेकांस भेटणे हा त्याचा मूळ अर्थ. मग ती भेट स्नेहाची असो वा झुंजीची. प्रतिनिधींची परिषद हा अर्थ पुढचा.

आपल्या ‘बैठकी’त बसणे आहे, ‘परिषद’ म्हणजेही सभोवती बसणे. ‘समिती’त मात्र ‘इ’, म्हणजे जाणे, हा धातू आहे. आज समिती नेमली की ती जागची हलत नाही, हा भाग वेगळा!

चालत येऊन भरणारी सभा खानदेशाने पाहिली आहे. डिसेंबर १९३६ मध्ये राष्ट्रसभेचे ५० वे अधिवेशन पूर्व खानदेशातील फैजपूर येथे जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. त्याच वेळी तेथे किसान सभेचेही अधिवेशन झाले. त्यासाठी भुस्कुटे व बुखारी यांच्या नेतृत्वाखाली किसानांचा जथा मनमाडहून पायी निघाला आणि वाटेतल्या लोकांना आपले म्हणणे समजावीत, २०० मैलांहून अधिक चालून फैजपुरास पोहोचला. राष्ट्रसभेने तेथे संमत केलेल्या शेतीविषयक कार्यक्रमात सारा व खंड यांतील कपात, कर्जाचा भार हलका करणे आणि शेतमजुरास जगण्यापुरते वेतन ही कलमे होती. ठराव मंडपात झाला. शेतकऱ्याच्या दुःखाची चर्चा मात्र वाटेवरच्या गावांत आधीच झाली होती.

नोव्हेंबर २०१८ मध्ये खानदेशातील आदिवासी व शेतकरी वनजमिनीच्या हक्कासाठी ठाण्याहून मुंबईच्या आझाद मैदानापर्यंत चालत गेले, तेव्हाही हा शब्द त्यांनी पायांनी उच्चारला.

आणि आपण? आपल्या बैठका जिल्ह्याच्या ठिकाणी होतात. सातपुड्याच्या पायथ्याचा मजूर दिवसाची मजुरी बुडवून, एस.टी.चे भाडे खर्चून तेथे कसा येणार? तो येत नाही. त्याच्या नावाने ठराव आपणच करतो. म्हणून माझी सूचना साधी आहे : पुढची बैठक यावल वा शिरपूर तालुक्यातील पाड्यावर, मजूर कामावरून परतल्यानंतर घ्यावी, आणि आपण तेथवर चालत जावे.

आपण एकमेकांस ‘साथी’ म्हणतो. हा शब्द ‘सार्थ’ म्हणजे वाटचाल करणारा तांडा, यावरून आला आहे. तांडा चालत नसेल, तर साथी कोणाचे?