तिचं घर, आपली पाळी
(आंबिवलीतील महिलांच्या बैठकीत केलेलं भाषण)



नवऱ्याला मानसिक आजार झाला तर बायको त्याला सांभाळते. बायकोला झाला तर? पुष्कळदा तिची रवानगी माहेरी होते, नाहीतर मनोरुग्णालयात. मग न्यायला कुणी येत नाही.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम १९ म्हणतं, घरचे स्वीकारत नाहीत एवढ्याच कारणाने कुणालाही संस्थेत ठेवता येणार नाही. टाकलेल्या बाईला स्वतःच्या घरात राहण्याचा हक्क मिळवून द्यायला सरकारने मदत करायची, वकिलाचीसुद्धा.

पण कागदावरचा हक्क एकट्या बाईला कसा झेपणार? तिथे आपण लागतो. पुण्यात १९९७ साली डॉ. जगन्नाथ वाणींनी ‘सा’ ही संस्था काढली. स्किझोफ्रेनिया झालेल्यांचे नातेवाईक तिथे एकमेकांना आधार देऊ लागले. हे आपल्या चाळीतही जमेल.

आंबिवलीहून ठाण्याच्या मनोरुग्णालयात जायचं म्हणजे लोकल, केसपेपरची रांग, गोळ्यांची रांग. अख्खा दिवस जातो, रोज बुडतो. म्हणून पाळ्या लावू. एकीने सोबत जायचं, दुसरीने मुलं सांभाळायची, तिसरीने आठवड्याला चक्कर मारायची. जी रात्रंदिवस सांभाळते, तिलाही दोन तास मोकळे मिळू देत.

आपण डॉक्टर नाही. गोळ्या बंद करायला सांगायचं नाही, अंगारे-धुपारे सुचवायचे नाहीत आणि तिच्या घरातलं नळावर बोलायचं नाही. अडीअडचणीला रात्रीसुद्धा टेलिमानसचा १४४१६ हा फुकट नंबर चालू असतो.

तर आज उठण्यापूर्वी ठरवू या, पहिली पाळी कुणाची?