नेमकं काय कमी पडलं होतं?

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपल्या तुकडीतले चौघे आज आपल्यात नाहीत. त्यांच्या स्मरणार्थ जमलेल्या निधीचं काय करायचं, यावर ग्रुपवर दोन महिने चर्चा चालू आहे. कोणी प्रवेशद्वाराची कमान म्हणतं, कोणी वॉटर कूलर, कोणी संगमरवरी फलक. मला मात्र बोलायला विषय दिलाय ‘खेळाडूंकडून काय शिकावं’. मी दोन्ही एकत्र करते. जवळचं माणूस गमावल्यावर ज्या खेळाडूंनी दुसऱ्यांसाठी काही उभं केलं, त्यांच्याबद्दल बोलते.

सुरुवात अर्थात सचिनपासून. मे १९९९ मध्ये इंग्लंडला वर्ल्ड कप चालू असताना त्याचे वडील, प्रा. रमेश तेंडुलकर गेले. तो मुंबईला आला आणि आईच्या आग्रहावरून परत गेला. २३ मे रोजी ब्रिस्टलला केनियाविरुद्ध त्याने नाबाद १४० धावा केल्या. शतक झाल्यावर त्याने आकाशाकडे पाहिलं, ते आपल्यापैकी कोणीच विसरलेलं नाही.

पुढचं मात्र कमी जणांना माहीत असतं. सासूबाई ॲनाबेल मेहता यांच्या ‘अपनालय’ संस्थेमार्फत तो गरीब वस्तीतल्या मुलांसाठी बरीच वर्षं मदत करत होता. २०१९ मध्ये त्याने स्वतःचं फाउंडेशन काढलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो मध्य प्रदेशात सीहोर आणि देवास जिल्ह्यांतल्या गावांत गेला. तिथे ‘परिवार’ या संस्थेबरोबर मुलांसाठी मोफत निवासी शाळा उभारण्याचं काम चालू होतं. गरीब मुलांसाठी काहीतरी करावं ही वडिलांची इच्छा होती, असं त्याने तेव्हा सांगितलं. वडील प्राध्यापक आणि कवी. त्यांची आठवण मुलाने शाळेत जपली, आणि तीसुद्धा वडील गेल्यावर २२ वर्षांनी.

दुसरा ग्लेन मॅग्रा. हो, आपल्याला छळणारा तोच! त्याची पत्नी जेन हिला स्तनाचा कर्करोग झाला होता. आजारपणात एका प्रशिक्षित नर्सचा तिला फार आधार वाटला. असा आधार प्रत्येकीला मिळावा म्हणून दोघांनी २००५ मध्ये मॅग्रा फाउंडेशन सुरू केलं. २००८ मध्ये जेन गेली, पण काम थांबलं नाही. दर जानेवारीत सिडनीच्या कसोटीत सगळं मैदान गुलाबी होतं. त्यातून जमलेल्या पैशांतून ऑस्ट्रेलियाभर नर्सेसची नेमणूक होते आणि रुग्णाला त्या सेवेचे पैसे पडत नाहीत.

तिसरा इम्रान खान. मी राजकारणातल्या नव्हे, क्रिकेटमधल्या इम्रानबद्दल बोलतेय. आई शौकत खानम १९८५ मध्ये कर्करोगाने गेल्या. डिसेंबर १९९४ मध्ये लाहोरला त्याने या आजारासाठी रुग्णालय उघडलं. त्यासाठी त्याने शाळाशाळांतून फिरून मुलांकडूनसुद्धा पैसे गोळा केले होते.

या तिघांकडे भरपूर पैसा आणि नाव होतं. आपल्याकडे तसं नाही. तरी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात सगळ्यात अवघड भाग कोड लिहिण्याचा नसतो. समोरच्याला नेमकं काय हवंय, ते कळण्याचा असतो. जेनला ते कळलं, कारण ती स्वतः रुग्ण होती. दुःख भोगलेल्या माणसाला नेमकं कुठे अडतं ते ठाऊक असतं. ती माहिती विकत मिळत नाही.

आपल्याकडेही ती आहे. दहावीच्या वर्षी दिवाळीनंतर माझे बाबा गेले. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ते लेथवर होते. मुलींना फी माफ होती, पुस्तकं शाळेने दिली. अडलं ते निकालानंतर. अकरावीचा फॉर्म कुठे मिळतो, डोमिसाईलसाठी काय लागतं, झेरॉक्सवर सही-शिक्का कोणाचा, हे सांगणारं घरात कोणी नव्हतं. आईला कामावरून सुट्टी मिळेना. तेव्हा आपल्या एक बाई चार दिवस माझ्याबरोबर रांगेत उभ्या राहिल्या. बसचं तिकीटसुद्धा त्यांनीच काढलं. त्या आज समोर बसल्या आहेत, आणि नाव घेतलेलं त्यांना आवडणार नाही. त्या चार दिवसांमुळे मी इंजिनिअर झाले.

आता प्रवेश ऑनलाइन आहेत. रांगा गेल्या, पण अर्जाचा भाग एक, भाग दोन, पसंतीक्रम, ओटीपी हे सगळं आलं. घरात एकच फोन, तो घेऊन आई कामाला गेलेली, वडील नाहीत. अशा मुलाचं आजही तिथेच अडतं. किसननगर, इंदिरानगरमध्ये अशी घरं आपल्याला माहीत आहेत.

म्हणून माझी सूचना अशी. निधीची मुद्दल बँकेत ठेवू. नववी ते बारावीत ज्यांचे आई किंवा वडील गेले, अशा आपल्या शाळेतल्या मुलांना व्याजातून प्रवेशाचा, दाखल्यांचा, पासाचा खर्च देऊ. कोणाला द्यायचं ते मुख्याध्यापकांनी ठरवावं. आणि प्रत्येक मुलामागे आपल्यातल्या एकाने उभं राहावं: फॉर्म भरताना शेजारी बसायला, तहसील कार्यालयात बरोबर जायला. पाकीट देतानाचा फोटो नको, व्यासपीठावरून नाव नको. त्या वयात वडील नसण्यापेक्षा ‘बिचारी’ म्हणवून घेणं जास्त लागतं, हे मी अनुभवाने सांगते.

कोणी म्हणेल, शाळा सोडून इतकी वर्षं झाली, आता काय? सचिनलाही २२ वर्षं लागली. कमानीखालून मुलं रोज जातील, तिला माझा विरोध नाही. पण आपल्या चौघांपैकी दोघांची मुलं या वर्षी दहावीला आहेत. जूनमध्ये त्यांच्या शेजारी कोण बसणार, हे आज जेवायला उठण्यापूर्वी ठरवू या. पहिलं नाव माझं लिहा.