एका चाकाचें गणित

एकचाकी सायकल म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें सर्कशीचा तंबू उभा राहतो. विष्णुपंत छत्रे यांनीं १८८० सालीं आपली सर्कस काढली, तेव्हांपासून महाराष्ट्राला ह्या कसरतींची आवड आहे. विदूषक एका चाकावर डोलत रिंगणांत येतो, आपण हंसतों, आणि घरीं येईपर्यंत तें विसरूनहि जातों. मीहि विसरलों असतों. परंतु डोंबिवलीस राहणाऱ्या माझ्या नातवाचें सारें चित्त गेलीं चार वर्षें ह्या एका चाकावर बसलेलें आहे, आणि जन्मभर मुलांना त्रैराशिक शिकविणाऱ्या माझी एक चूक त्या चाकानें माझ्या पदरांत घातली. तिची हकीकत आज आपणांस सांगतों.

ह्या सायकलीची रचना अगदीं साधी. साखळी नाहीं, हँडल नाहीं, आणि फ्रीव्हील तर मुळींच नाहीं. पायडलांच्या दांड्या थेट चाकाच्या तुंब्याला जोडलेल्या. पाय फिरले कीं चाक फिरतें, आणि चाक फिरूं लागलें कीं पायांना फिरावेंच लागतें. बसणाऱ्याचा तोल पुढें जाऊं लागला तर त्यानें जोर देऊन चाक आपल्या खालीं आणावयाचें. मागें जाऊं लागला तर पाय आंवरून धरावयाचे. हें पळापळाला चाललेलें असतें. दुचाकीवर आपण उतारावर पाय स्वस्थ ठेवून बसतों. ती चैन येथें नाहीं.

पाय एकदां फिरला कीं चाकहि एकदांच फिरणार, म्हणून वेग चाकाच्या व्यासानें बांधलेला. २० इंची चाक एका फेऱ्यांत सुमारें १६० सेंटिमीटर जातें, २४ इंची १९१, आणि ३६ इंची २८७. ठाणें ते कल्याण हें अंतर सुमारें २० किलोमीटर धरलें तर २० इंची चाकावर पायांना साडेबारा हजार फेरे पडतील, ३६ इंचीवर सात हजारांच्या आंत भागेल. मिनिटाला ८० फेरे मारणारा माणूस पहिल्यावर तासाला पावणेआठ किलोमीटर जाईल, दुसऱ्यावर पावणेचौदा. गेल्या शतकाच्या मागच्या शतकांत इंग्रज लोक छातीभर उंचीच्या पुढल्या चाकाची सायकल चालवीत, ती हौसेखातर नव्हे, ह्याच हिशोबाखातर. त्यांच्या चाकाला मर्यादा होती ती फक्त स्वारीच्या तंगड्यांची! पुढें साखळी आली आणि लहान चाकाला मोठ्याचा वेग मिळाला.

मोठें चाक मात्र गर्दीच्या कामाचें नाहीं. गुढीपाडव्याला डोंबिवलींत नववर्ष स्वागतयात्रा निघते. १९९९ सालीं तेथील गणेश मंदिराच्या पुढाकारानें ही प्रथा पडली आणि पुढें गांवोगांव पसरली. ढोलताशे आणि लेझीम ह्यांच्या मधून, नऊवारी नेसलेल्या मुलींच्या पावलानें चालावयाचें, तर तेथें २० इंची चाकच हवें. वाटलें तर जागच्या जागीं झुलतां येतें. आमचे चिरंजीव त्यावर टोपी घालून मिरवीत. पण मन भरलें ठाण्याच्या येऊरच्या रस्त्यावर आणि कल्याणच्या दुर्गाडीपर्यंत जाण्यावर. घरांत जागा दोन खोल्यांची. दोन चाकें ठेवावयाचीं कोठें, हा प्रश्न सुनेनें काढला, आणि तो योग्यच होता.

त्याला उत्तर होतें. श्लुम्फ नांवाच्या एका स्विस यंत्रज्ञानें एकचाकीसाठीं गियरचा तुंबा बनविला आहे. आपल्यापैकीं वडील मंडळींना स्टर्मी-आर्चरचा तीन गियरांचा तुंबा आठवत असेल, तत्त्व तेंच. मधें एक सूर्यचक्र, त्याभोंवतीं फिरणारीं लहान ग्रहचक्रें, आणि बाहेरून दांतेरी कडें. भेद एवढाच कीं ह्यांत फ्रीव्हील नाहीं, कारण मागें आंवरण्याची सोय गेली तर स्वार पडलाच. खालच्या गियरांत पाय आणि चाक बरोबरीनें फिरतात. वरच्यांत चाक पायांच्या सुमारें दीडपट फिरतें. बदलावयाचें तें हातानें नव्हे. आंसाच्या दोन्ही टोंकांना एक एक गुंडी असते, ती चालतां चालतां टांचेनें ठोकावयाची.

किंमत लाखाच्या घरांत. बाप नको म्हणाला. नातू माझ्याकडे आला. मीं कागद घेतला आणि मांडलें: २४ ची दीडपट ३६. म्हणजे एका चाकांत दोन चाकें, पाय तेवढेच, वेग दीडपट. "हा सौदा तोट्याचा नाहीं," असें मीं त्याच्या बापाला सांगितलें, आणि निम्मे पैसेहि दिले. परदेशांतून येतांना भाच्यानें तुंबा आणला. तो निघाला ३६ भोकांचा, आणि आपल्या जुन्या काळ्या सायकलींच्या पुढच्या चाकाला आरे ३२, मागच्याला ४०! कल्याणच्या एका सायकलवाल्यानें जोगती रिम मिळवून दिली, आरे कापून त्यांवर आटे पाडले, आणि दोन संध्याकाळ बसून चाकाचा आऊट काढला. असा कारागीर पाहणें हेंहि एक सुख आहे.

पहिल्याच रविवारीं सकाळीं, एम. आय. डी. सी.च्या निवासी भागांतील मोकळ्या रस्त्यावर, मुलानें टांच मारली आणि तो पुढच्या क्षणीं तोंडावर आला. उजवें मनगट मोडलें. सहा आठवडे प्लास्टर. सून मला कांहीं बोलली नाहीं; बोलली असती तर बरें झालें असतें.

एके दिवशीं मुलानेंच विचारलें, "आजोबा, गणित कुठें चुकलें हो?"

मीं पुन्हां कागद घेतला. गुणाकार बरोबर होता; एक राशी मांडावयाचीच राहिली होती, ती म्हणजे जोर. चाक दीडपट पळतें तर तोल सांवरण्यासाठीं पायाला जोरहि दीडपट द्यावा लागतो. हें ओझें खरोखरीच्या ३६ इंची चाकावरहि असतेंच. पण तेथें स्वार पहिल्या फेऱ्यापासून त्याला सरावतो. येथें तें चालतां चालतां, एका ठोक्यासरशीं, आणि एक टांच गुंडीकडे वळलेली असतांना अंगावर येतें. शिवाय दांत्यांमध्यें थोडी ढिलाई असते, तेवढ्या अवधींत पायांना खालीं कांहींच नसल्यासारखें वाटतें. आणि खड्ड्यांना फसतें तें २४ इंची चाकच. छत्तीसाचा मोठेपणा फक्त वेगांत आला आहे.

मग आम्हीं दांड्या बदलल्या. पूर्वीच्या १२५ मिलिमीटरच्या होत्या, त्या १५० च्या घातल्या. तरफ १.२ पट लांब झाली, म्हणजे दीडपट जोराच्या ठिकाणीं सव्वापट पुरला. पायांचें वर्तुळ मोठें होतें आणि फेरे थोडे मंदावतात, तें सोसावें लागतें. आतां तो मनगटाला पट्टे बांधून, सपाट आणि निर्जन रस्ता पाहूनच गुंडी ठोकतो. येऊरचा चढ खालच्या गियरांत चढतो आणि उतारहि त्याच गियरांत उतरतो, कारण आंवरावयाला पायांखेरीज दुसरें कांहीं नाहीं. कल्याण-शीळ रस्त्यावर न जाण्याचें त्यानें आईला वचन दिलें आहे.

दहा वेळां टांच मारली तर सात-आठ वेळां साधते, असें तो म्हणतो. उरलेल्या वेळीं तो पायांवर उतरतो. ह्या पाडव्याला यात्रेंत त्यानें जुनें २० इंची चाकच नेलें. गियरचें चाक सज्ज्यांत खुंटीला टांगलेलें असतें, आणि दर शनिवारीं त्याचे आरे चांचपून पाहण्याचें काम सुनेनें माझ्याकडे दिलें आहे.