अँटीबॉडीचा रिपोर्ट
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात बी विंगमधील परिचारिका भगिनींनी व्यक्त केलेले मनोगत)



२०२० च्या मे महिन्यात ड्युटीवर असताना मला कोरोना झाला. बरी होऊन घरी आले, तर 'लिफ्ट वापरू नका' असा निरोप! पुढे रुग्णालयात आम्हा कर्मचाऱ्यांची अँटीबॉडी तपासणी झाली. माझ्या रक्तात आयजीजी सापडल्या. कधी तापही न आलेल्या दोघी मैत्रिणींच्या रक्तातही. तेच शेजारी मग म्हणाले, "ताई, आता तुम्ही एकदम सेफ!" दोन्ही वेळा चुकलंच.

आरटी-पीसीआर नाकाघशातला विषाणू शोधते. अँटीबॉडी तपासणी तो येऊन गेल्याची खूण. ती खूण उमटायला साधारण दोन आठवडे लागतात, नंतर काही महिन्यांत ती फिकटही होते. म्हणून मी मास्क सोडला नाही.

त्याच जुलैत मुंबईच्या तीन वॉर्डांत पाहणी झाली. झोपडपट्टीत ५७ टक्के, तर इतर वस्तीत १६ टक्के लोकांमध्ये अँटीबॉडी निघाल्या. कित्येकांना आजार होऊन गेल्याचा पत्ताही नव्हता. मग लिफ्टमधून नेमकं कोणाला उतरवायचं?

त्या दिवसांत रोज सकाळी माझ्या दाराशी कुणीतरी दुधाची पिशवी ठेवून जायचं. कोण, ते आजही ठाऊक नाही. त्यांचे आज मनापासून आभार.