शिळा सण आणि आपले स्वयंपाकघर

(योम किप्पुरच्या दुसऱ्या दिवशी सिनेगॉगच्या सभागृहात झालेल्या भाषणाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले लेखन. वक्त्या निवृत्त परिचारिका आहेत.)



काल संध्याकाळी शोफार वाजला आणि आपला उपवास सुटला. आज आपण या सभागृहात चहा आणि घरोघरच्या उरलेल्या करंज्या घेऊन बसलो आहोत. आपल्यातील तरुण मंडळींना कदाचित ठाऊक नसेल, पण आजच्या दिवसाला आपल्या पूर्वजांनी कोकणात एक नाव दिले होते. योम किप्पुर म्हणजे दारफाळणीचा सण आणि त्याचा दुसरा दिवस म्हणजे शिळा सण. हाईम शमुएल केहिमकर यांनी आपल्या समाजाचा जो इतिहास लिहिला आणि जो १९३७ साली तेल अवीव येथे छापला गेला, त्यात या जुन्या सणांची नोंद आहे. शिळ्या सणाला गोरगरिबांना दान द्यावे आणि आप्तेष्टांना भेटावे, असा रिवाज होता. माझी आई याचा अर्थ साध्या शब्दांत सांगत असे. काल उपवास सोडण्यासाठी जे रांधले, त्यातले जे उरले, ते आज एकट्याने खायचे नाही आणि टाकायचेही नाही. आज माझ्याकडे बोलण्याचे काम आले, तेव्हा याच विषयावर बोलावे असे मनात आले.

माझा जन्म अलिबागजवळच्या एका खेड्यातला. आपले पूर्वज तेल गाळीत आणि शब्बाथला घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. माझ्या जन्मापूर्वीच आमच्या घरचा घाणा थांबला होता. मात्र त्या धंद्याचे वळण घरात टिकून होते. तेल गाळल्यावर मागे राहणारी पेंड कधी कोणी फेकली आहे काय? ती गुरांच्या दावणीत जाते. तसेच आईच्या स्वयंपाकघरात प्रत्येक वस्तूची दुसरी जागा आधीच ठरलेली असे. नारळाचा रस काढून झाला की चोथा उरतो. तोराहच्या आज्ञेप्रमाणे आपण मांसाबरोबर दूध वापरीत नाही, म्हणून आपल्या घरात नारळाचा रस फार आणि चोथाही फार. आई तो मंद आचेवर कोरडा भाजी, त्यात लसूण, सुकी मिरची, मीठ आणि चिंचेचे एक बोटूक घालून पाट्यावर वाटी. ती चटणी आठवडाभर भाकरीला पुरे. दोडक्याच्या शिरांची चटणी होई, फणसाच्या आठळ्या आमटीत पडत आणि माशाच्या डोक्याचे कालवण तर वडिलांसाठी राखून ठेवलेले असे.

१९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी देशाला आठवड्यातून एक वेळ उपाशी राहण्याची विनंती केली, तेव्हा मी शाळेत होते. सोमवारी रात्री आमच्या घरी चूल पेटत नसे. आई म्हणाली होती, “सणाचा उपवास देवासाठी, हा उपवास शेजाऱ्यासाठी.” पुढे मुंबईत परिचारिकेचे शिक्षण घेऊन १९७१ साली मी इस्राएलला आले. माझे नातलग माझ्याआधी पन्नासच्या दशकात आले होते आणि त्यांनी येथील रेशनिंगचे दिवस पाहिले होते. तांदूळ मिळेना म्हणून गव्हाच्या पिठाचे दाणे भाजून बनवलेले पतितिम लोक खात आणि त्याला बेन-गुरियनचा तांदूळ म्हणत. आज आपली नातवंडे तेच पतितिम आवडीने मागतात. त्यामागे टंचाई होती, हे त्यांना माहीतही नाही.

आता आजच्या घराकडे येऊ. शुक्रवारी रांधून शनिवारी खाणारे आपण लोक आहोत, त्यामुळे उरलेल्या अन्नाची आपल्याला लाज वाटण्याचे काही कारण नाही. तरीही मोत्सा शब्बाथनंतर आपल्या इमारतींच्या खाली जे कचऱ्याचे डबे असतात, ते पाहिले की जीव तुटतो. अख्खी हल्ला पिशवीसकट पडलेली असते.

हल्ला शिळी झाली तर तिचे लहान तुकडे करावे. मोहरी, हिंग, हिरवी मिरची आणि कढीपत्ता यांची फोडणी करून, कांदा परतून, तुकड्यांवर पाण्याचा हबका मारावा आणि झाकण ठेवावे. आपल्या बहुतेकांच्या अंगणात किंवा कुंडीत कढीपत्ता आहेच. वरून लिंबू पिळावे. हा उपमा माझ्या इराकी शेजारणीलाही आवडतो. उन्हाळ्यात येथे कलिंगडे एवढी येतात. त्याची हिरवी साल सोलून आतला पांढरा गर किसावा आणि ज्वारी-बेसनाच्या पिठात घालून थालीपीठ लावावे, किंवा दुध्यासारखी भाजी करावी. फ्लॉवरचे दांडे बटाट्यासोबत शिजवावे. कोंबडीची हाडे, गाजराची टोके आणि कोथिंबिरीचे देठ एका पिशवीत घालून फ्रीजरमध्ये जमवावे. पिशवी भरली की त्याचा रस्सा होतो.

येथे एक सावधगिरी आपल्या घरांसाठी वेगळी आहे. उरलेल्या पदार्थाचे कूळ विसरता कामा नये. मटणाच्या पुलावातला भात वेगळा काढला, म्हणून तो दहीभात होऊ शकत नाही. मी डब्यांना रंगीत रबर लावते. मांसाच्या डब्याला तांबडे, दुधाच्या डब्याला निळे आणि पारवे असेल त्याला हिरवे. कोणता डबा कशाचा हे न कळल्यामुळे केवळ शंकेपोटी किती अन्न टाकले जाते, हे आपण सर्व गृहिणी जाणतो.

आता मला जे खरोखर सांगायचे आहे ते सांगते. ही गोष्ट मी आजवर या सभागृहात बोललेले नाही.

साधारण तीस वर्षांपूर्वी मी आपल्या गावातल्या एका दवाखान्यात नोकरीला होते. आपल्या समाजातल्या एक वयोवृद्ध मावशी एकट्या राहत. त्यांचे नाव मी घेत नाही. एका शब्बाथला किद्दुशनंतर बराच पुलाव उरला. टाकणे जिवावर आले, म्हणून मी एक मोठा डबा भरला आणि जाता जाता त्यांच्या दाराशी दिला. त्या आनंदल्या. मी घाईत होते. “मावशी, फ्रीजमध्ये ठेवा, उद्यापर्यंत संपवा,” एवढे दोन शब्दही मी बोलले नाही. शिवाय तो पुलाव सकाळपासून सभागृहात उघडाच होता.

मंगळवारी शेजारीण मला बोलवायला आली. मावशी पलंगावर पडल्या होत्या. जीभ कोरडी, नाडी जलद, उलट्या-जुलाबांनी अंगातले पाणी गेलेले. शेगडीवर पातेले होते आणि पातेल्यात माझा पुलाव. त्या रोज थोडा थोडा गरम करून खात होत्या. फ्रीज त्यांनी विजेचे बिल वाचवण्यासाठी बंद ठेवला होता. रुग्णवाहिकेत त्यांनी माझा हात धरून विचारले, “बाय, तो भात टाकलास तर नाही ना?” मी म्हटले, “नाही मावशी, पाखरांना घातला.” मी खोटे बोलले. भात मी माझ्या हाताने कचऱ्यात ओतला होता.

मावशी वाचल्या, पण पुन्हा पूर्वीसारख्या हिंडल्या-फिरल्या नाहीत. मी अनेक वर्षे रुग्णांना पथ्य सांगणारी बाई. आणि माझ्याच काटकसरीने एका म्हाताऱ्या जिवाला अंथरुणाला खिळवले. कालच्या दिवशी आपण सर्व जण आपल्या चुका मोजतो. मी दरवर्षी ही चूक मोजते.

तो भात का बाधला, हे समजून घ्या. तांदळाबरोबर मातीतला बॅसिलस सेरिअस नावाचा जंतू येतो. त्याचे बीजाणू भात शिजवल्यावरही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्याने नाहीसे होत नाही. “उकळले म्हणजे झाले” ही आपली समजूत येथे चुकते. कोकणात आपण रात्रीचा भात पहाटे खात होतो हे खरे. तीन दिवसांनी खात नव्हतो. आणि तेव्हाही कधी कधी अन्न बाधत असे, आपण त्याचे कारण शोधीत नव्हतो एवढेच.

म्हणून काही नियम पाळावे. शिजवलेले अन्न एकतर ६० अंशांच्या वर वाफाळते ठेवावे, नाहीतर ५ अंशांच्या खाली थंड. मधल्या कोमट अवस्थेत दोन तासांहून अधिक ठेवू नये, आणि नेगेवच्या उन्हाळ्यात एका तासाहून अधिक नको. खोल पातेले फ्रीजमध्ये ठेवले तर त्याचा मधला भाग बराच वेळ कोमट राहतो, म्हणून भात पसरट भांड्यात काढावा. तो दुसऱ्या दिवशी संपवावा, किंवा लगेच फ्रीजरमध्ये टाकावा. गरम करायचे तर एकदाच, आणि मध्यभागापर्यंत वाफ निघेपर्यंत. मऊ पावाला बुरशी दिसली तर तेवढाच तुकडा काढून उरलेला खाऊ नये. बुरशीचे तंतू आत गेलेले असतात. बुरशी आलेले शेंगदाणे तर मुळीच खाऊ नयेत. मलिद्यात ओले खोबरे आणि फळे असतात. एलियाहू हन्नबीच्या नावाने केलेला मलिदा त्याच दिवशी वाटून संपवावा. शब्बाथच्या प्लाताला काही जण घड्याळ लावतात आणि रात्री ती बंद होते. वीज वाचते, पण पहाटेपर्यंत त्यावरचे अन्न कोमट पडलेले असते. तसे करायचे असेल तर भात आधीच फ्रीजमध्ये जाऊ द्या आणि गरम करण्याचे नियम हज्जानसाहेबांना विचारा.

कोणी म्हणेल, बाई, धर्म तर नासाडी करू नको असे सांगतो. सांगतोच. अनुवादाच्या विसाव्या अध्यायात वेढा घातलेल्या नगराची फळझाडे तोडू नयेत अशी आज्ञा आहे आणि आपल्या गुरूंनी तीतून बाल तश्हितचा, म्हणजे कोणतीही उपयोगी वस्तू नष्ट न करण्याचा नियम काढला. पण तालमूदच्या शब्बाथ नावाच्या भागात एक चर्चा आहे. जो जवाची भाकर खाऊ शकतो त्याने महाग गव्हाची खाल्ली, तर ती नासाडी ठरते काय, असा प्रश्न तेथे निघतो. त्यावर उत्तर असे दिले आहे की आपल्या शरीराची नासाडी न करणे याला अधिक महत्त्व आहे. ही चर्चा मला हज्जानसाहेबांनी दाखवली, तेव्हा मला रडू आले. मावशींना कोणी हे वेळेवर सांगायला हवे होते, आणि ते सांगण्याचे काम माझे होते.

शेवटी मंडळापुढे माझी एक विनंती आहे. चार दिवसांवर सुक्कोथ आले आहेत. सुक्कामध्ये रोज जेवणे होतील आणि रोज काही उरेल. पहिली गोष्ट, माणसे मोजून रांधू या. इतर पदार्थ असतील तेव्हा माणशी सत्तर ग्रॅम कच्चा तांदूळ पुष्कळ होतो. ऐंशी माणसांना साडेपाच ते सहा किलो. आपण दहा किलो शिजवतो. दुसरी गोष्ट, वाढप सुरू होण्यापूर्वीच पातेल्यातून लहान डबे भरू या, ताटातले उरल्यावर नव्हे. आपल्या यादीत एकटे राहणारे अकरा वृद्ध आहेत. त्यांचे डबे गरम असतानाच पोचवावे. शब्बाथला आणि सणाच्या दिवशी लिहिता येत नाही, म्हणून वाराच्या चिठ्ठ्या आदल्या दिवशी लिहून ठेवाव्या आणि रंगीत रबर लावावे. तिसरी गोष्ट, डबा नेणाऱ्याने दारात ठेवून निघून येऊ नये. आत जावे, पाच मिनिटे बसावे, फ्रीज चालू आहे की नाही ते पाहावे आणि कालचे काही उरले असेल तर न रागावता उचलून आणावे.

तोराहने शेताचे कोपरे आणि गळालेली कणसे गरिबांसाठी सोडायला सांगितली, आणि आजही या देशात लेकेत हे नाव घेऊन एक मोठी संस्था उरलेले अन्न गोळा करून गरजूंना पोचवते. आपल्याला तेवढे मोठे काम करायचे नाही. आपल्याला अकरा दारे ठोठवायची आहेत.

डबे पोचवण्यासाठी नावे आजच द्यावी. वही दाराजवळच्या मेजावर ठेवली आहे आणि पहिले नाव मी लिहिले आहे. माझे गुडघे दुखतात, म्हणून मला तळमजल्यावरची घरे द्यावी, एवढीच सवलत मागते.

 करंज्या संपवून जा. आज त्या उरता कामा नयेत. शालोम.