सांध्यांचे दुखणे आणि मनाचे

सौंसर-पांढुर्ण्याच्या काळ्या रानात कापूस फुटला की वेचणीला हात लागतात, आणि ते हात बहुतेक बायकांचे असतात. वाळल्या बोंडाची टोके चुकवीत चिमटीने कापूस काढणे हे सर्वस्वी बोटांचे काम. ज्या बाईची बोटे सकाळी तासभर मिटतच नाहीत, तिची प्रथम ही मजुरी जाते, मग भाकरी थापणे जाते, आणि घरात आपला काही उपयोग उरला नाही, ही भावना तिच्या मनात हळूहळू मूळ धरते.

दोन्ही हातांचे तेच ते लहान सांधे सुजतात, ताठरपणा आठवडेच्या आठवडे ओसरत नाही, तेव्हा त्यास थंडीचा वात म्हणून सोडून देणे धोक्याचे. तो ऱ्हुमॅटॉइड संधिवात असू शकतो. शरीराचे रक्षण करणारी शक्तीच यात सांध्याच्या अस्तरावर उलटते. पुरुषांपेक्षा स्त्रियांना हा रोग दोन-तीनपट अधिक होतो, आणि तोही पुष्कळदा ऐन संसाराच्या भरात.

या रोगाच्या सोबतीने येणारे नैराश्य मात्र नशिबाच्या खाती जमा होते. २०१३ साली ७२ अभ्यासांतील तेरा हजारांवर रुग्णांचा एकत्र विचार झाला, तेव्हा शंभरांत सुमारे १७ जणांस तीव्र नैराश्य असल्याचे दिसले. याचे कारण केवळ वेदना नव्हे. सांध्यांत दाह माजविणारी द्रव्ये मेंदूवरही परिणाम करतात. झोप, भूक आणि उमेद तिन्ही खालावतात. आमवाताच्या लक्षणांत ‘उत्साहहानि’ हा शब्द माधवनिदानाने शतकांपूर्वीच नोंदला आहे, हे येथे आठवावे. आमवात व हा संधिवात तंतोतंत एकच नव्हेत. तरी निरीक्षण मोलाचे आहे. वाट उलटही चालते. अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन पाहणीत नैराश्य असलेल्या स्त्रियांना पुढे हा संधिवात अधिक प्रमाणात झाल्याचे आढळले. शिवाय खचलेल्या मनाला तेवढीच वेदना अधिक जाचते, आणि महिनोन्‌महिने घ्यावयाचे औषध मध्येच सुटते.

१९५६ साली नागपूर मुंबई राज्यात गेले. हा मराठी मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ पासून पांढुर्णा आणि सौंसर मिळून स्वतंत्र जिल्हा आहे. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी, अशा या भागात सुजलेले बोट कोणासही दाखविता येते. ‘करमत नाही’, ‘कशातच जीव लागत नाही’ हे दाखविता येत नाही. बाई ते सांगत नाही, डॉक्टर विचारीत नाहीत, आणि चिठ्ठीवर वेदनाशामक गोळी तेवढी उतरते.

वस्तुतः दोन प्रश्न पुरतात. गेल्या पंधरा दिवसांत मन खिन्न राहिले का? कामात, माणसांत गोडी वाटेनाशी झाली का? उत्तर होकारार्थी असेल तर सांध्यांबरोबर मनाचाही उपचार व्हावयास हवा. तो समुपदेशनाने होतो, औषधानेही होतो. १४४१६ या ‘टेली-मानस’ क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. आणि नागपूरला दवाखान्यात सोबत जाणाऱ्या मुलाने वा सुनेने ‘आईचे हात दुखतात’ एवढ्यावर न थांबता, ती दिवाळीपासून शेजारीही बसावयास गेली नाही, हेही डॉक्टरांच्या कानी घालावे.